वस्तीची गाडी आणि घशाशी येणारं पित्त

वस्तीकर:
नमस्कार मंडळी. मी कंडक्टर, वय ४४. आठवड्यातून तीन रात्री वस्तीची गाडी, पाटण तालुक्यात डोंगरातलं गाव. साडेआठला पोहोचतो, हॉटेलात भाकरी-रस्सा खातो, दहाला गाडीतच आडवा होतो, पहाटे साडेपाचला पहिली फेरी. चार वर्षं ही ड्यूटी आणि चार वर्षं पित्त.

नुसते करपट ढेकर असते तर लिहिलं नसतं. रात्री दीड-दोनला घशाशी आंबट-कडू पाणी येतं, ठसका लागून जाग येते. मग ड्रायव्हरदादा घोरतोय, बाहेर कुत्री भुंकताहेत आणि मी अंधारात इनोची पुडी फोडतोय. गेल्या पावसाळ्यात छातीत इतकं जळलं की वाटलं, अटॅकच आला. ग्रामीण रुग्णालयात ईसीजी काढला, नीट निघाला. मग साताऱ्याला घशातून पोटात दुर्बीण घातली. छोटा हायाटस हर्निया आहे, म्हणजे पोटाचा वरचा भाग छातीकडं सरकलाय, अन्ननळी आणि पोटामधली झडप सैल पडलीय, जखम नाही. आम्ल कमी करणारी पँटोप्राझोल ४० गोळी, रोज एक.

गोळीनं थोडा फरक पडतो, पण बंद केली की चार दिवसांत दुप्पट उसळतं. आवाज बसलाय. 'पुढं सरका' म्हटलं की म्हाताऱ्या विचारतात, 'काय रं, पडसं झालंय का?' आई म्हणते आमसूल खा, बायको म्हणते गार दूध पी, ड्रायव्हरदादा म्हणतो उपास कर.

ज्यांचं खाणं-झोपणं घड्याळावर नाही त्यांनी हे कसं सांभाळलं? 'रात्री सातला जेवा' तेवढं सांगू नका. सातला मी घाटात असतो.

मिरजेची मावशी:
दादा, गोळी घेता कधी? मी बावीस वर्षं औषधांच्या दुकानात काउंटरवर आहे. निम्मी माणसं ही गोळी जळजळ सुरू झाल्यावर किंवा जेवण झाल्यावर घेतात आणि मग 'लागू पडत नाही' म्हणतात. पोटातले आम्ल सोडणारे पंप खायच्या वेळी जागे होतात, आणि ही गोळी जागा झालेला पंपच बंद करते. म्हणून उपाशीपोटी, खाण्याआधी अर्धा तास ते तासभर. चावायची नाही, तोडायची नाही, वरच्या आवरणाला काम असतं. तुमचं रात्रीचं दुखणं जास्त आहे, तेव्हा सकाळी घ्यायची की रात्रीच्या जेवणाआधी, ते डॉक्टरांनाच विचारा.

एकदम बंद कधीच करू नका. इतके महिने दाबून ठेवलेलं आम्ल उसळून येतं, काही आठवडे त्रास देतं. डॉक्टरांच्या सल्ल्यानं हळूहळू उतरवत आणतात. आणि गोळी वर्षानुवर्षं चालू असेल तर एकदा रक्तातलं बी-१२ जीवनसत्त्व तपासून घ्या.

कंबरदुखीची गोळी खाता का? डायक्लोफिनॅक वगैरे? त्या पोटाच्या अस्तराला त्रास देतात. रक्तदाबाची अॅम्लोडिपिन चालू असेल तर तेही डॉक्टरांच्या कानावर घाला, त्यानं झडप आणखी सैल पडू शकते. मनानं मात्र बंद करू नका. घास अडकायला लागला, शौचाला काळं झालं, उलटीत रक्त दिसलं किंवा वजन आपोआप उतरलं तर इथं लिहीत बसू नका, सरळ दवाखाना गाठा.

खवय्या_कोल्हापूर:
एवढं काय? रात्री ग्लासभर गार दूध, वर पुदिन्याचं पान. मी मिसळ खाऊनही ठणठणीत.

मिरजेची मावशी:
दुधानं घटकाभर गार वाटतं, मग तेच दूध पचवायला पोट आणखी आम्ल सोडतं. पुदिना तर नकोच, त्यानं झडप ढिली पडते. तुमचं ठणठणीत असण्याचं कारण मिसळ नाही, तुमची झडप आहे. जपा तिला.

शब्दखोर:
थोडं अवांतर. आपण मराठीत तीन दुखण्यांना एकच शब्द वापरतो. अंगावर गांधी उठल्या तर पित्त. अर्धं डोकं ठणकून उलटी झाली तर पित्ताचं डोकं. घशाशी आंबट आलं तरी पित्तच. आमसुलाचं पाणी अंगाला चोळतात ते पहिल्या पित्तासाठी, तुमच्या आईंनी ते तिसऱ्याला लावलंय. ज्याच्या घशाशी आधीच आंबट येतंय त्याला आणखी आंबट कशाला? डॉक्टरांकडं गेल्यावर 'पित्त झालंय' म्हणू नका. काय, कुठं, किती वाजता होतं ते सांगा.

आणि वस्तीकर, राग मानू नका. सगळं लिहिलंत, तंबाखूचं नाही लिहिलंत.

वस्तीकर:
शब्दखोर, ओळखलंत. दिवसाला दोन पुड्या. पहाटेच्या फेरीला झोप येते म्हणून लागली. मावशी, कंबरेची गोळीही खातो, स्टँडवरच्या दुकानातून विनाचिठ्ठी. आणि पँटोप्राझोल? चहा-पोह्यानंतर. बायकोला तुमचा मजकूर वाचून दाखवला, तर म्हणाली, 'पाकिटावर लिहिलेलं मी वाचत होते तेव्हा कुठं होतात?'

वस्तीकर (दीड महिन्यानंतर):
कोणी वाचत असेल तर कळवतो.

घरी कॉटच्या डोक्याकडच्या पायांखाली विटा सारल्या, सहा इंच. आधी तीन उशा घेऊन पाहिलं होतं, पण त्यानं पोटात घडी पडायची आणि जास्तच वर यायचं. गाडीत विटा कुठं लावणार? तर एका रात्री पाण्याची अर्धी भरलेली बाटली सीटवर आडवी पडली होती. बूच सैल, पाणी बुचाशी आलेलं, थेंब थेंब गळत होतं. म्हटलं, हेच तर माझं पोट. बुचाकडची बाजू जरा उचलली, गळायचं थांबलं.

गावात देवळापुढं चढ आहे. दादाला म्हटलं, गाडीचं तोंड चढाकडं करून लावा. तो चक्रावला, पण लावली, चाकांना दगड दिले. मी मधल्या वाटेत सतरंजी टाकून ड्रायव्हरकडं डोकं करून डाव्या कुशीवर झोपलो. डावी कूस डॉक्टरांनी सांगितली. उजव्या कुशीवर आम्ल झडपेशी येतं म्हणे. त्या रात्री इनो लागला नाही.

गोळी आता पहाटे चारला उठल्या उठल्या. चहा आठ कपांवरून तीनवर. रात्रीची भाकरी घाट सुरू व्हायच्या आधीच्या थांब्यावर, साडेसहाला, घरच्या डब्यातली. मी सातला जेवत नाही, मंडळी, सातच्या आधी जेवतो! गावात पोहोचल्यावर नुसतं ताक, तेही गार नाही. पट्टा दोन भोकं ढिला केला. कंबरेची गोळी बंद, डॉक्टरांनी व्यायाम दिलाय. बी-१२ कमी निघालं, त्याची इंजेक्शनं चालू आहेत.

तंबाखू सुटलेली नाही. दोन पुड्यांची एक झाली. यात्रेच्या रात्री सरपंचांकडं मटण झालं, नाही म्हणता आलं नाही. दोन वाजता उठून बसलो.

आवाज थोडा मोकळा झालाय. फक्त दादाची बदली होतेय पुढच्या महिन्यात. नव्या ड्रायव्हरला देवळापुढं गाडी चढाकडं तोंड करून का लावायची, हे पहिल्यापासून समजावायचं आलं.