उरलेल्या मॉर्फिनच्या गोळ्या आणि पॅचचं काय करायचं?

मुलुंडची_सून: सासरे मागच्या महिन्यात गेले, कॅन्सर होता. शेवटी शेवटी दुखणं फार वाढलेलं म्हणून मॉर्फिनच्या गोळ्या आणि फेंटानिलचे पॅच (कातडीवर चिकटवायचे, दुखणं थांबवणारे) चालू होते, त्यातलं बरंच उरलंय. सासूबाई म्हणतात एवढं महागाचं औषध टाकायचं कशाला, कुणा गरजूला देऊ. त्यात त्या स्वतः बाथरूममध्ये पडल्या, मनगट मोडलं, त्यांना ट्रामाडॉल ही वेदनाशामक गोळी दिलीये ती उशीखाली असते आणि माझा तीन वर्षांचा मुलगा दिवसभर त्याच पलंगावर उड्या मारतो. उरलेलं टाकायचं कसं आणि चालू असलेलं ठेवायचं कुठे?

नाईट_ड्युटी: मी नर्स आहे, पॅलिएटिव्ह वॉर्डला असते, म्हणजे बरं न होणाऱ्यांचं दुखणं कमी करतात तिथे. पॅच आधी बघा बाई. तीन दिवस लावून काढलेल्या पॅचमध्येपण भरपूर औषध शिल्लक असतं, पोराने स्टिकर म्हणून चिकटवला किंवा चघळला तर श्वास मंदावतो, मुलं दगावलीत अशाने. ज्या हॉस्पिटलमधून आणलं तिथे परत घेतात का विचारा, नाही म्हणाले तर पॅच चिकट बाजू आत घेऊन दुमडायचा आणि सरळ संडासात फ्लश, न वापरलेलेसुद्धा पाकिटातून काढून तसेच, नंतर हात धुवा. मॉर्फिनच्या गोळ्यापण फ्लश. आणि कुणाला देऊ नका हो. सासऱ्यांचा डोस हळूहळू वाढवत नेलेला असणार, नवख्या माणसाला तेवढाच दिला तर झेपणार नाही, शिवाय एनडीपीएस म्हणजे अमली पदार्थांच्या कायद्यातली औषधं आहेत ही, अशी वाटता येत नाहीत.

गोदाकाठ: फ्लश??? म्हणजे शेवटी नदीतच ना. डायक्लोफिनॅक या दुखण्याच्या औषधाने गिधाडं मेली ते विसरलात वाटतं, २००६ मध्ये जनावरांसाठी बंद करावं लागलं ते.

नाईट_ड्युटी: मुद्दा बरोबर आहे पण गिधाडं मेली ती औषध दिलेल्या गुरांचं मांस खाऊन, संडासातून नाही. आणि सगळीच औषधं फ्लश करा असं कुठे म्हटलं मी? सीडीएससीओने, म्हणजे केंद्राच्या औषध नियंत्रण संस्थेने, २०२५ मध्ये १७ औषधांची यादी दिलीये, फेंटानिल, मॉर्फिन, ट्रामाडॉल वगैरे, घरात पडून राहिली तर एकाच डोसमध्ये जीव जाऊ शकतो म्हणून तेवढीच फ्लश करायची. क्रोसिन, बीपीच्या गोळ्या, अँटिबायोटिक यातलं काही संडासात टाकू नका.

मेडिकलवाला_दादा: बाकीची एक्स्पायर झालेली औषधं २०१६ च्या घनकचरा नियमांत घरगुती घातक कचऱ्यात धरली होती, ट्यूबलाइट, बॅटरीबरोबर, आताही ओल्या-सुक्यात न घालता वेगळीच द्यायची. आता तुमच्याकडे नेणारा ती वेगळी नेतो का हा भाग निराळा :( नसेल नेत तर गोळ्या पट्टीतून काढून वापरलेल्या चहापत्तीत नाहीतर मातीत कालवा, पिशवी घट्ट बांधा, कुणी उचलून खाणार नाही.

ट्रामाडॉल आजच उशीखालून काढा, कुलपाच्या कपाटात वरच्या खणात ठेवा, पट्टीतच राहू द्या, सुट्या डबीत नको, आणि किती उरल्या ते मोजत जा. सासूबाई झोपेची गोळी घेत असतील तर डॉक्टरांना आधी सांगा, दोन्ही मिळून श्वास दबतो. पोराने काही तोंडात घातल्याचा नुसता संशय आला, गुंगी आली, डोळ्यातली बाहुली टाचणीच्या टोकाएवढी दिसली तर वाट बघत बसू नका, १०८.

मुलुंडची_सून: थँक्यू सगळ्यांना. कुलूप आणलं पण किल्ली कुणाकडे यावरून घरात वाद सुरू झालाय, सासूबाईंना अपमान वाटतोय.

मेडिकलवाला_दादा: कपाट त्यांचंच घ्या, किल्ली त्यांच्याच गळ्यात. फक्त गोळ्या तुम्ही मोजा.