मदत हवी आहे: नागपूरहून एका दिवसात नदीकाठचं जंगल, येत्या रविवारी

पळसफूल:
येत्या रविवारी बाबांना घेऊन जायचंय. सकाळी निघून अंधार पडायच्या आत घरी. नदी असलेलं जंगल हवं. दोन दिवस नेटवर शोधतेय, सगळीकडे वाघ आणि रिसॉर्ट. कृपया लवकर सांगा, आज ठरलं नाही तर हेही राहून जाईल.

रामटेकवाला:
किती जण? गाडी स्वतःची का? बाबांचं वय? सफारी करायची की नुसतं फिरायचं? एवढं कळल्याशिवाय काय सांगू ताई.

जिप्सीवाला_४४:
डोळे झाकून पेंच व्याघ्र प्रकल्पाचं सिल्लारी गेट. एका जिप्सीत सहा जण, गाईड घ्यावाच लागतो, बुकिंग ऑनलाइन. ज्या ओळखपत्रावर बुकिंग केलं तेच सोबत ठेवा, नाहीतर गेटवर अडवतात. सिल्लारी फुल्ल असेल तर खुर्सापार बघा. सकाळचीच फेरी घ्या, दुपारी उकाड्यात जनावर हलत नाही.

वैनगंगाकाठ:
पेंचच काहून? उमरेड-पवनी-कऱ्हांडला पहा ना. २०१३ ला अभयारण्य झालं, आणि वैनगंगेसारखी मोठी नदी जवळ. 'जय' वाघ आमच्याच जंगलातला. २०१६ मध्ये तो दिसेनासा झाला तेव्हा गावागावात लोक त्याचीच चौकशी करत होते.

जिप्सीवाला_४४:
रविवारी कऱ्हांडल्यात नको. ३१ डिसेंबर २०२४ ला गोठणगावकडे काय झालं विसरले का? वाघीण आणि तिचे पाच बछडे मधात, दोन्हीकडून गाड्या. उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाला स्वतःहून दखल घ्यावी लागली.

वैनगंगाकाठ:
मग त्यात जंगलाचा काय दोष भाऊ? गाडीत बसणाऱ्यानंच म्हणायला पाहिजे की मागे घ्या. मी प्रत्येक वेळी म्हणतो. पैसे दिले म्हणून जनावराची वाट अडवायचा हक्क मिळत नाही. पेंचमध्ये गर्दी होत नाही का?

तर्रीपोहे:
एवढ्या लांब कशाला? अंबाझरीचं जैवविविधता उद्यान आहे ना. आपली नाग नदी लाव्हा गावच्या टेकड्यांतून निघून अंबाझरीतच येते. सकाळी सातला गेलात तर पक्षी भरपूर. नाहीतर गोरेवाडा, २६ जानेवारी २०२१ ला प्राणिसंग्रहालय सुरू झालं, बसमधून सफारी. पोरं खुश होतात.

पळसफूल:
पोरं नाहीत सोबत. वाघ नको, प्राणिसंग्रहालय नको. बाबा बाहत्तर वर्षांचे, कमरेचं ऑपरेशन झालंय, जिप्सीचे धक्के चालणार नाहीत. गाडी आमचीच, मी, आई आणि बाबा.

रामटेकवाला:
हे पहिल्याच पोस्टमध्ये पाहिजे होतं, अर्धा धागा वाचला असता. आणि नदी कोणती?

बोरधरण:
मग बोर! आपल्या देशातल्या लहान व्याघ्र प्रकल्पांपैकी एक, आतला गाभा १३८ चौरस किलोमीटर, २०१४ चा. गर्दी कमी, धरण आहे. मी तीन वेळा जाऊन आलो.

आयुर्वेदप्रेमी:
कमरेसाठी एरंडेल तेलाचा शेक द्या. माझ्या सासूबाईंना फार फरक पडला.

पळसफूल:
नदी पेंचच. बाबा तरुणपणी तोतलाडोह धरणाच्या कामावर फिटर होते. ऑपरेशनपासून आठ महिने पलंगावर. आता थोडं चालतात, आणि रोज विचारतात, "डोहात पाणी किती असंल गं?" म्हणून घाई करतेय. शेक चालू आहे, धन्यवाद.

रामटेकवाला:
आता समजलं. तोतलाडोह राष्ट्रीय उद्यानाच्या आत आहे, स्वतःची गाडी तिथवर जात नाही. पण तेच पाणी खाली नवेगाव खैरीला येतं, तिथं तुम्ही आपल्या गाडीनं जाऊ शकता. जबलपूर रस्त्यानं मनसरच्या अलीकडे आमडी फाटा, तिथून डावीकडे पारशिवनी, मग नवेगाव खैरी. नागपुरात आपल्या नळाला येतं ते याच धरणाचं पाणी, हे बाबांना सांगायची गरज नाही, पण आईला सांगा. नदी पुढे जाऊन कन्हानला मिळते. फाट्यानंतर गाडी हळू घ्या, मागच्या सीटवर कमरेशी उशी द्या, दर अर्ध्या तासानं उतरवून दहा पावलं चालवा. घडीची खुर्ची न्या, काठावर बसायला काही नसतं. पाण्यात उतरवू नका, दगडावर शेवाळ असतं. आता फेब्रुवारी आहे, पळस फुलला असेल. गुलाबीसर पांढऱ्या खोडाचं झाड दिसलं तर ते कुलू, भुताचं झाड म्हणतात ते. बाबा ओळखतील.

तर्रीपोहे:
सकाळचे पोहे खाऊनच निघा. पारशिवनीकडे काही मिळेल या भरवशावर राहू नका, डबा घरचा न्या. वांग्याचं भरीत आणि ज्वारीची भाकर प्रवासात सांडत नाही.

जिप्सीवाला_४४:
एवढं जाऊन सफारी नाही म्हणजे जीवावर येतं, पण कमरेपुढे इलाज नाही. चाराच्या आत परत फिरा.

पळसफूल (रविवार, रात्री):
जाऊन आलो. खुर्ची नेली हे बरं झालं. बाबा वीस मिनिटं काही बोलले नाहीत. मग चपला काढायला लावल्या. मी काठावरचा एक ओला गोटा हातात दिला, तो त्यांनी उलटापालटा करून पाहिला, वास घेतला, शर्टला पुसून खिशात ठेवला. दूर दगडावर दोन पाणकावळे पंख पसरून वाळत बसले होते. "हे तेव्हाही असेच बसत," म्हणाले. कुलूचं झाड आईला आधी दिसलं. परतताना झोपले, कंबर दुखली नाही. रामटेकवाला दादा, फार उपकार. आता म्हणतात मे महिन्यात डोह पाहायचे. दिसतील का?

रामटेकवाला:
दिसतील. एप्रिलच्या शेवटी जंगलातल्या पात्राची धार तुटते, तेव्हा डोहच उरतात, सगळं जनावर तिथंच येतं. पण ते आत आहेत, जिप्सीशिवाय नाही. आधी डॉक्टरांना विचारा. हो म्हणाले तर बाबांना पुढच्या सीटवर बसवा, मागचीला धक्के जास्त. १ जुलै ते ३० सप्टेंबर कोअर, म्हणजे जंगलाचा आतला गाभा, बंद असतो, त्यामुळे जूनच्या आत. कोलितमारा गेटवर माझ्या ओळखीचे गाईड आहेत, सावकाश गाडी चालवणारा कोण आहे ते विचारून इथंच कळवतो.