जर्बिलला पिल्लं झालीत, नराला वेगळं काढू का? अर्जंट

पडवीतला_उंदीरमामा:
नमस्कार मंडळी, कुडाळजवळच्या गावातून लिहितोय. मार्चमधे कोल्हापूरवरून जर्बिलची (उंदरासारखा छोटा पाळीव प्राणी) जोडी आणलेली, दुकानदार म्हणाला दोन्ही माद्या आहेत, आणि काल सकाळी बघतो तर कोपऱ्यात ५ पिल्लं, गुलाबी, शेंगदाण्याएवढी, डोळे पण मिटलेले. आई म्हणते बोका खातो तसा हा पण पिल्लं खाणार, आधी नराला बाहेर काढ. पण तो तर घरट्यात पिल्लांवर बसूनच असतो, मला काढवत नाहीये. दुसरं म्हणजे १० दिवस पाऊस हटलेला नाही, दोघांचे केस तेल लावल्यासारखे चिकट झालेत, मादीचं नाक लाल दिसतंय. माशांची जुनी टाकी आहे अडीच फुटी, वर जाळी, खाली गिरणीतला लाकडाचा भुसा ४ इंच. खायला सूर्यफुलाच्या बिया आणि गहू. काय चुकतंय ते सांगा प्लीज.

रत्नांग्रीची_माई:
नराला काढू नकोस!! बोक्याचा नियम जर्बिलला लागू नाही, यांची जोडी जमते आणि बाप पिल्लांना ऊब देतो, घरटं सारखं करतो, मादी खायला गेली की तोच बसतो. आत्ता काढलास आणि ८ दिवसांनी परत सोडलास तर दोघं एकमेकांना ओळखणार नाहीत, रक्त येईपर्यंत भांडतात, मी हे माझ्या पहिल्या जोडीत बघितलंय आणि अजून वाईट वाटतं.

पण एक लक्षात घे, मादी व्याल्यावर काही तासातच परत लागते, म्हणजे ती आत्ता बहुतेक परत गाभण आहे. एरवी २४ ते २६ दिवस लागतात, पण अंगावर पिल्लं पीत असली की पुढची वेत लांबते, कधी कधी ६ आठवड्यांपर्यंत. म्हणून २३-२४ व्या दिवशी नर आणि नर पिल्लं दुसऱ्या टाकीत एकत्र हलव, तोवर ती दाणे खायला लागलेली असतात. शेपटीखालच्या दोन छिद्रांमधलं अंतर जास्त तो नर, कमी ती मादी, दोन पिल्लं शेजारी धरून बघ म्हणजे कळेल. मुली आईकडे राहू देत. हे केलं नाहीस तर दुसऱ्या वेतीच्या दिवशी तिसरीची तयारी, आणि गावात एवढी पिल्लं घेणार कोण? आणि तुझी जोडी एकाच पिंजऱ्यातून आणलेली म्हणजे भाऊबहीण असायची शक्यता आहे, तेव्हा पुढे वाढवूच नकोस.

पिल्लं हातात घेशील तेव्हा शेपटीला धरायचं नाही, कातडी सोलून हातात येते. ओंजळीत घ्यायचं. डोळे १६ ते २० दिवसात उघडतील, तोवर घरटं उचकू नकोस, फक्त ओला कोपरा काढ.

आगोट_बेगमी:
नाक लाल आणि केस चिकट हे दमटपणामुळे. मूळचे मंगोलिया आणि उत्तर चीनच्या कोरड्या माळावरचे हे प्राणी, आणि आपल्याकडे जुलैत भिंतीला पण घाम फुटतो. हवेत ५० टक्क्यांच्या वर ओल गेली की केस असेच होतात.

गिरणीचा भुसा आधी बंद कर, कुठलं लाकूड ते माहीत नाही आणि बारीक धूळ छातीत जाते. साधा कोरा कागद फाडून आणि पुठ्ठा दे, निदान ८ इंच, त्यांना बिळं करायची असतात. पण घरट्याच्या बाजूचं आत्ता हलवू नको, दुसऱ्या बाजूने हळूहळू बदल. मी तर आगोटीला (पावसाच्या तोंडावर) सुक्या मासळीबरोबर यांची पण बेगमी करतो, एप्रिलच्या उन्हात पुठ्ठे कडक वाळवून पत्र्याच्या डब्यात बंद. लोळून आंघोळ करायला नदीची चाळलेली रेती कढईत भाजून पूर्ण थंड करून वाटीत ठेव, तासाभराने काढून घे नाहीतर तीच ओल धरते. समुद्राची वाळू अजिबात नको, मिठामुळे पाणी ओढते. टाकी पडवीतून उचल आणि चुलीच्या मागच्या खोलीत ने, धूर लागणार नाही अशी. जाळीला चिमटे लाव, पावसात धामण वासाने येते.

सूर्यफूल दिवसाला ३-४ दाणे बस. नाचणी, बाजरी, जव दे, मादीला उकडलेल्या अंड्याचा छोटा तुकडा.

दवाखाना_अनुभव:
एकच सांगतो. नाकावर जखम झाली आणि गुरांच्या डॉक्टरकडे नेलंस तर आधीच सांग की जर्बिलला स्ट्रेप्टोमायसिन हे अँटिबायोटिक चालत नाही. गुरांना देतात त्या पेनिसिलिनच्या इंजेक्शनात ते बऱ्याचदा मिसळलेलं असतं, गाईला चालतं पण ७०-८० ग्रॅमच्या जिवाला विषासारखं. माझं एक असंच गेलं.

पडवीतला_उंदीरमामा:
खूप आभार. टाकी आत आणली, भुसा एका बाजूने काढला, रेती भाजून ठेवली तर नर लगेच लोळला. आईला माईंचं वाचून दाखवलं, ती आता स्वतः येऊन बघते बाप बसलाय की नाही. २३ वा दिवस कॅलेंडरवर लिहून ठेवलाय. कणकवली-सावंतवाडी बाजूला लहान प्राण्यांचे चांगले डॉक्टर कोणाला माहीत असतील तर सांगा.