एचआरटी (पाळी गेल्यावरची हार्मोनची औषधं) चालू आहे आणि आता कोलेस्टेरॉल, साखर दोन्ही वर. गोळ्या बंद करू का?

फोंडेकरीण
नमस्कार. वय ४९, फोंड्याला असते. पाळी जाऊन वर्ष उलटलं, त्याच्या आधी दोनेक वर्षं नुसतं अंगावरून जायचं, कधी कधी घराबाहेर पडायची भीती वाटावी इतकं. पाळी गेली तशा वाफा सुरू झाल्या, अंगात एकदम गरम लाट उठायची, रात्री गाऊन पिळून काढावा एवढा घाम, झोप नाही, दिवसभर चिडचिड. शेवटी स्त्रीरोगतज्ज्ञांनी एस्ट्राडायोलची २ मिग्रॅची गोळी आणि रात्री प्रोजेस्टेरॉन सुरू केलं. खरं सांगते, महिन्याभरात माणसात आले.
पण आता रिपोर्ट काढले तर एलडीएल (वाईट कोलेस्टेरॉल) १६८, ट्रायग्लिसराइड (रक्तातली चरबी) २९०, एचबीएवनसी (तीन महिन्यांची सरासरी साखर) ६.२, हिमोग्लोबिन ९.८. फिजिशियन म्हणाले कोलेस्टेरॉल उतरवायला स्टॅटिन घ्या, साखरेचं तीन महिन्यांनी बघू. त्यांना एचआरटीचं विचारलं तर म्हणाले ते स्त्रीरोगतज्ज्ञांना विचारा, आणि स्त्रीरोगतज्ज्ञांना कोलेस्टेरॉलचं विचारलं तर त्या म्हणाल्या ते फिजिशियन बघतील. घरी नणंद म्हणते हार्मोनच्या गोळ्यांनीच झालंय, आधी त्या फेक. माझ्या आईला डायबिटीस होता, ते सगळं जवळून बघितलंय म्हणून जास्त धास्ती. कोणी यातून गेलंय का? गोळ्या बंद केल्या तर परत ते घामाघूम दिवस येतील आणि चालू ठेवल्या तर हे आकडे, काय करू सुचत नाहीये.

म्हापसेकर_ताई
अगो बाय, आधी एक सांगते, मनानं काही बंद करू नको. मला पण असंच झालेलं, फरक एवढाच की माझी साखर ठीक होती. मला डॉक्टरांनी जे समजावलं ते सांगते. एस्ट्रोजन तोंडातून घेतलं की ते आतड्यातून आधी लिव्हरकडे जातं आणि लिव्हर त्यावर ट्रायग्लिसराइड जास्त बनवायला लागतं, रक्ताच्या गुठळीचा धोका पण थोडा वाढतो तो त्यामुळेच. तेच एस्ट्रोजन जेल किंवा पट्टीनं कातडीतून घेतलं तर सरळ रक्तात जातं, लिव्हरची ती पहिली फेरी चुकते. म्हणून ट्रायग्लिसराइड वाढलेलं असेल, वजन जास्त असेल, मायग्रेन असेल तर बरेच डॉक्टर जेलवर आणतात. मला जेल दिलं, वाफा तितक्याच थांबल्या आणि पुढच्या रिपोर्टला ट्रायग्लिसराइड बरंच खाली आलेलं. प्रोजेस्टेरॉन मात्र सोडायचं नाही हां, गर्भाशय असेल तर आतल्या अस्तराला ते लागतंच, एकटं एस्ट्रोजन चालत नाही.
तेव्हा डॉक्टरांना थेट विचार, गोळीऐवजी जेल चालेल का.

साधना_डिचोली
मी थोडं वेगळं सांगते, राग मानू नका. माझ्या मावसबहिणीला ब्रेस्ट कॅन्सर झाला, त्यानंतर मला या गोळ्यांचं नावच नको वाटतं. वाफा काय, वर्ष दोन वर्षांत जातात, आपल्या आयांनी काय केलं? कोलेस्टेरॉल साखर दोन्ही वाढलं म्हणजे शरीर सांगतंय की बंद कर.

औषधालय_मडगाव
साधनाताई, तुमची भीती समजते, घरात असं झालं की कोणीही घाबरेल. पण ती भीती बऱ्याच अंशी एचआरटीवरच्या २००२ च्या अमेरिकन अभ्यासामुळे पसरली. त्यात १६ हजारांवर बायका होत्या आणि सरासरी वय ६३, म्हणजे पाळी जाऊन बऱ्याच जणींना दहा-बारा वर्षं झालेली. ब्रेस्ट कॅन्सर वाढला हे खरं, दर १० हजार बायकांमागे वर्षाला साधारण ८ जास्त, आणि तो वेगळ्या जातीच्या प्रोजेस्टिनबरोबर (कृत्रिम प्रोजेस्टेरॉन). साठीच्या आत, पाळी जाऊन दहा वर्षं झालेली नसताना, खूप त्रास असेल तर बहुतेकींना फायदा जास्त असं आता तज्ज्ञ धरतात. ज्यांना स्वतःला ब्रेस्ट कॅन्सर, हार्ट अटॅक, पक्षाघात किंवा गुठळी होऊन गेलीय, लिव्हर बिघडलंय त्यांचं वेगळं, त्यांना सहसा देत नाहीत. आणि वाफा सगळ्यांच्या वर्षा-दोन वर्षांत जात नाहीत हो, कित्येकींना सात-सात वर्षं राहतात.

आता फोंडेकरीण ताई, तुमच्या रिपोर्टमध्ये मला दोन गोष्टी खटकल्या. मी फार्मासिस्ट आहे, डॉक्टर नाही, तेव्हा हे डॉक्टरांकडे घेऊन जा.
एक, तोंडातून घेतलेल्या एस्ट्रोजननं एलडीएल सहसा कमी होतं. तुमचं गोळी चालू असूनही १६८ आहे, म्हणजे नणंदबाई म्हणतात तसं गोळीवर ढकलून चालणार नाही. पाळी जायच्या आसपास एलडीएल आपोआपच वर जातं कारण एस्ट्रोजन कमी झालं की लिव्हर रक्तातलं एलडीएल कमी खेचतं, ते एक झालं, पण थायरॉइड तपासलंय का? टीएसएच (थायरॉइडची रक्ततपासणी) वाढलेला असेल, म्हणजे थायरॉइड मंद असेल, तर कोलेस्टेरॉल वाढतं आणि थकवा, चिडचिड, झोप नाही ही लक्षणं पाळीच्या त्रासात मिसळून जातात. स्टॅटिन सुरू करायच्या आधी टीएसएच बघायलाच हवा. ज्या थायरॉइडची गोळी आधीच घेतात त्यांना तोंडातलं एस्ट्रोजन सुरू झाल्यावर कधी कधी डोस वाढवावा लागतो, हे पण लक्षात ठेवा कोणीतरी.
दुसरं, हिमोग्लोबिन ९.८ असताना एचबीएवनसीवर डोळे मिटून विश्वास ठेवू नका. लोह कमी असेल तर तो आकडा खोटा वर दिसू शकतो. ६.२ म्हणजे डायबिटीसच्या अलीकडची पायरी (५.७ ते ६.४), पण उपाशीपोटीची साखर आणि ग्लुकोज पिऊन दोन तासांची साखर करून घ्या म्हणजे खरं कळेल. फेरिटिन (अंगातला लोहाचा साठा) पण करा. आणि पाळी जाऊन वर्ष झाल्यावरसुद्धा हिमोग्लोबिन इतकं कमी का, हे डॉक्टरांना विचारायचंच, नुसत्या लोहाच्या गोळीवर समाधान मानू नका. परत अंगावरून गेलं तर लगेच दाखवा.

साधना_डिचोली
एवढं मला माहीत नव्हतं. लोहामुळे साखर वर दिसते हे तर पहिल्यांदाच ऐकते. थायरॉइडचं खरंच बघ गो ताई.

पेडण्याची_वहिनी
मी डायटिशियन आहे म्हणून जेवणाबद्दल बोलते. आपल्याकडे दोन्ही वेळ शीत-कडी (भात आणि कडी), आणि ते सोडा म्हटलं की कोणी ऐकत नाही, मी सोडायला सांगत पण नाही. ताटात शीत निम्मं करा, उकडं (उकड्या तांदळाचा भात) घ्या, बाजूला मूग-चवळीची उसळ आणि भाजी वाढवा. दोन वाट्या हुमण (माशाची नारळाची कडी) शितावर ओतून घेतलं तर त्यातलं नारळाचं दूध पण पोटात जातं, त्यातली चरबी एलडीएलला चांगली नाही, तेव्हा कडी थोडी, मासा जास्त. बांगडा, तारलो (तारली) यात जी चरबी असते ती ट्रायग्लिसराइडला उलट चांगली, फक्त रवा लावून तेलात तळू नका, हुमणात किंवा तव्यावर. सकाळी दोन पाव आणि गोड चहा यापेक्षा बिनगुळाचं नाचणीचं तिझन (पातळ खीर) किंवा मूगडाळीचे पोळे. आता चवथ (गणेश चतुर्थी) येतेय, नेवऱ्या (करंज्या) डब्यात भरून ठेवल्या की येता जाता खाल्ल्या जातात, घरच्यांना सांगून ठेवा. दारू घेत असाल तर ट्रायग्लिसराइड २९० असताना बंदच.
आणि चालणं पुरत नाही या वयात. जेवल्यावर रक्तात आलेली साखर सगळ्यात जास्त स्नायू वापरतात आणि पाळी गेल्यावर स्नायू भराभर कमी होतात, म्हणून आठवड्यातून दोनदा तरी वजनं, नाहीतर खुर्चीतून हात न टेकता उठणं बसणं. जेवणानंतर दहा पंधरा मिनिटं अंगणात फेऱ्या मारा, फरक साखरेत दिसतो.

फोंडेकरीण
सगळ्यांचे खूप खूप आभार, वाचताना डोळे भरून आले, इतके दिवस कोणी एका जागी बसून सगळं एकत्र बघितलंच नव्हतं. थायरॉइड केलेलंच नाही. उद्या लॅबमध्ये टीएसएच, फेरिटिन आणि दोन तासांची साखर. रिपोर्ट घेऊन गोमेकॉच्या (गोवा मेडिकल कॉलेज) ओपीडीत जायचं ठरवलंय, तिथे दोन्ही विभाग एकाच आवारात आहेत, एकमेकांचे कागद बघायला सांगेन. गोळी तोवर चालू ठेवते.
स्टॅटिननं साखर वाढते असं पण वाचलं, ते खरं का? आणि जेल दिलं तर आपल्याकडच्या घामात टिकतं का?

औषधालय_मडगाव
थोडी वाढते हे खरं, पण ज्यांना गरज आहे त्यांच्यात हृदयाला होणारा फायदा त्याहून बराच जास्त असतो, म्हणून साखरेच्या भीतीनं नाही म्हणू नका. थायरॉइड निघालं तर आधी ते आटोक्यात आणून कोलेस्टेरॉल परत तपासतील. एचआरटी कोलेस्टेरॉल उतरवायला देत नाहीत आणि स्टॅटिननं वाफा जात नाहीत, दोघांची कामं वेगळी, दोन्ही एकत्र चालू शकतात. अजून एक, पुढे कधी साखरेची ग्लिमेपिराईडसारखी गोळी सुरू झाली आणि अचानक घाम, धडधड झालं तर वाफ समजून झोपून राहू नका, आधी ग्लुकोमीटरवर बोट टोचा, साखर उतरली तरी अगदी असंच होतं.

म्हापसेकर_ताई
टिकतं गो. आंघोळ करून अंग नीट पुसून, पंख्याखाली थोडं बसून घाम जिरला की मग दंडाला बाहेरून लाव, छातीला नाही. पाच मिनिटं सुकू दे, मग कपडे घाल आणि हात साबणानं धू. नंतर तासभर तरी तिथे पाणी नको. घरात लहान मूल असेल तर त्या जागेला त्याचं अंग लागू देऊ नको.
रिपोर्ट आले की इथे टाक.