मशीनच्या आधीचं बघा

'कायझेन कारखान्यात ठीक, पॅथॉलॉजी लॅबला त्याचा काय उपयोग?' हे काही पटलं नाही. कायझेन म्हणजे रोजच्या कामात थोडी थोडी सुधारणा करत राहायची जपानी पद्धत, टोयोटामुळे गाजलेली. सिएटलच्या व्हर्जिनिया मेसन रुग्णालयाने २००२ पासून टोयोटाचीच पद्धत राबवली. (तेही काही गाड्या बनवत नाही!) लॅबच्या बहुतेक चुका मशीनवर होतच नाहीत, त्याआधीच होतात. सिरिंजने रक्त जोरात ओढलं, ट्यूब हलकेच उलटसुलट करायची सोडून खळखळ हलवली, की तांबड्या पेशी फुटतात आणि पोटॅशियम खोटंच वाढलेलं दिसतं. मग पुन्हा सुई, पेशंट वैतागलेला. असे नमुने कुठल्या वॉर्डातून, कुठल्या पाळीत येतात, एवढं आधी साध्या वहीत टिपा, पण टिपणाऱ्यावर खेकसू नका. सॉफ्टवेअरचं नंतर बघू. आणि ढीगभर ट्यूब साठवून एकदम पाठवायची सवय मोडा, तातडीचे नमुने त्यातच अडकतात.