अ‍ॅम्प्लिफायर, रिसीव्हर मधेच "टक्" करून बंद पडण्याचे किस्से (अनुभव धागा)

मुगाची_खिचडी
काल शेजारच्या काकांकडे मॅच बघताना त्यांचा रिसीव्हर (स्पीकरना आवाज पुरवणारा डबा) ऐन शेवटच्या ओव्हरला टक् करून बंद पडला आणि मला एकदम आमचं डोंबिवलीचं घर आठवलं. बाबांच्या रिसीव्हरला हीच खोड. हळू आवाजात दिवसभर वाजेल, पण अभंगात पखवाजाची जोरदार थाप पडली की टक्. लाल दिवा लुकलुकायचा आणि बाबा "गेलं बोंबलत" म्हणत उठायचे. दुरुस्तीवाले दर वेळी "आयसी (आतली चिप) उडालाय" सांगून पैसे घेऊन जायचे. शेवटी मामाने मागे टॉर्च मारला. बाबांनी आईसाठी स्वयंपाकघरात जादा स्पीकर काढले होते, तेही त्याच टर्मिनलला. आठ ओहमचे (ओहम म्हणजे करंटला होणाऱ्या अडथळ्याचं माप) दोन पॅरलल म्हणजे चार, आणि मागच्या पट्टीवर किमान सहा लिहिलेलं. आवाज वाढवला की करंट जास्त ओढला जायचा, प्रोटेक्शन लागून रिले (आतला आपोआप चालणारा स्विच) सुटायचा. आयसी ठणठणीत! आई तिचे स्पीकर काढू देईना, मग बाबांचाच आवाज कमी झाला.
तुमचेही येऊ द्यात.

कोकणी_माणूस
पाल. आत. पॉवर सप्लायच्या बोर्डावर. बाकी जेवून लिहितो.

बटाटेवडा
ईईईई मी आत्ता जेवतेय

सोल्डरमामा
ज्यांचा सध्या बंद पडतोय त्यांनी प्लग काढा, स्पीकरच्या सगळ्या वायरी सोडवा आणि नुसता चालू करून बघा. टिकला तर दोष बाहेर. मग एकेक स्पीकर जोडत जा, दर वेळी आधी प्लग काढून. बऱ्याचदा वायरीतली तांब्याची एखादी सुटी तार शेजारच्या टर्मिनलला नाहीतर पत्र्याला टेकलेली असते. काहीच न जोडता पण टक् झालं तर आतलं काम, आउटपुट ट्रान्झिस्टर नाहीतर फुगलेले कपॅसिटर. घरी उघडू नका. प्लग काढल्यावरही मोठ्या कपॅसिटरमध्ये चार्ज राहतो, चांगला दणका बसतो.

सईची_आई
गाणं थांबवल्यावर ठरावीक वेळाने गप बंद होत असेल तर ऑटो स्टँडबायचं सेटिंग बघा, बिघाड नसतो तो.
आमच्याकडे वेगळंच. मालिका संपली की सासूबाई टीव्ही बंद करायच्या आणि सासऱ्यांची नाट्यगीतंही बंद. "मुद्दाम करतेस" वरून अबोला! एचडीएमआयच्या वायरीतून टीव्ही रिसीव्हरलाही झोपायला सांगतो, सीईसी म्हणतात त्याला. लेकीने मेनूत जाऊन ते बंद केलं. आता रात्री अकरापर्यंत नाट्यगीतं. पूर्वीचंच बरं होतं.

परतलेला_पक्षी
न्यू जर्सीहून नाशिकला येताना १२० व्होल्टचा रिसीव्हर हौसेने उचलून आणला. इथे दुकानदाराने गळ्यात मारलेला स्टेप-डाऊन ट्रान्सफॉर्मर अगदीच लेचापेचा. बेस आला की व्होल्टेज बसायचं आणि रिसीव्हर बंद. पट्टीवरचे वॅट बघा आणि त्याच्या बऱ्याच वरचा घ्या. आमचा नवा ट्रान्सफॉर्मर इतका जड आहे की बायको त्याला घरजावई म्हणते.

आजीचा_बटवा
आईने वर क्रोशाचा रुमाल, त्यावर गणपती, त्यावर फुलदाणी. गरम हवा वरच्या जाळीतूनच बाहेर पडते हे तिला कोण सांगणार? मे महिन्यात दुपारी हमखास बंद. रुमाल काढा म्हटलं तर "बोडकं दिसतं".

बटाटेवडा
फोटो टाक ना रुमालाचा! नमुना कुठला, अननसाचा का?

आजीचा_बटवा
हो अननसच. संध्याकाळी टाकते, आत्ता पाणी गेलंय.

कोकणी_माणूस
जेवलो. पालीचं काही राहिलं नव्हतं. पावसाळ्यात उबेला येतात. आता मागे मच्छरदाणीचा तुकडा चिकटवलाय.

सोल्डरमामा
अहो तो काढा, हवा अडते. परत बंद पडेल.

कोकणी_माणूस
मग पाल?

मुगाची_खिचडी
😂😂 पुण्यात स्पीकरची बरी वायर कुठे मिळेल? काकांची पार हिरवी पडलीये.

परतलेला_पक्षी
तपकीर गल्ली. गाडी नेऊ नका पण, लावायला जागा नाही.

सईची_आई
तिकडे जातेच आहेस तर मंडईतून अळू घे, वड्यांची पाकृ देणार होतीस.