४८ तासांत मेले नाहीत म्हणजे निर्धोक?

सनस्क्रीनमधल्या टायटॅनियम डायऑक्साइडच्या नॅनोकणांनी (अतिसूक्ष्म कणांनी) डाफ्निया, म्हणजे गोड्या पाण्यातले बारीक कवचधारी जीव, ४८ तासांच्या ठरलेल्या चाचणीत मरत नाहीत, म्हणून हे कण तळ्यात गेले तरी बिघडत नाही, असं म्हटलं जातं. ते मला पटत नाही. चांदीच्या नॅनोकणांचं वेगळं आहे, त्यांच्यातून आयन (विद्युतभारित कण) पाण्यात सुटतात आणि बराचसा घात तेच करतात. टायटॅनियम डायऑक्साइड जवळपास विरघळतच नाही, तो डाफ्नियाच्या अंगाला चिकटतो. डाफ्नियाच्या पिल्लाला वाढायचं तर कात टाकावीच लागते. वर कणांचा थर बसला की ती सुटत नाही. २०११ साली जर्मनीतल्या संशोधकांनी हेच दाखवलं. ४८ तासांत फारसं काही घडलं नाही, पण चाचणी ९६ तासांपर्यंत लांबवल्यावर पिल्लं दगावू लागली. ठरलेली चाचणी नेमकी त्याआधी संपते!

आमच्या कॉलेजच्या प्रयोगशाळेत पुण्याच्या पाषाण तलावातून आणलेल्या मोइनावर (हा डाफ्नियाचाच जवळचा नातलग) मी हे सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलंय. पोहायच्या शिंगांच्या केसांत पांढरे पुंजके अडकलेले, अर्धवट सुटलेली कात मागे लोंबतेय, आणि जीव उसळी मारून पुन्हा तळाशी. अजून एक, या चाचण्या बहुधा ट्यूबलाइटखाली होतात. अतिनील किरणांत टायटॅनियम डायऑक्साइड जास्त घातक ठरतो, कारण त्याच्या पृष्ठभागावर पेशींना इजा करणारे ऑक्सिजनचे क्रियाशील रेणू तयार होतात. पुण्यातल्या एप्रिल-मेच्या उन्हात उथळ तळ्याच्या वरच्या थरात काय होत असेल, ते ट्यूबलाइटखालच्या आकड्यांवरून ठरवणं मला चुकीचं वाटतं.